सॉफ्ट कोरल मिटून बसलीत, मासे मात्र ठणठणीत. शोध कुठून सुरू करू?

अथांग:
लेदर, झोआ, मशरूम आणि ग्रीन स्टार पॉलिप ही सगळी सॉफ्ट कोरल (मऊ अंगाची प्रवाळं) घरच्या खाऱ्या पाण्याच्या एकाच टँकमध्ये एकामागोमाग खंगायला लागली, तर आधी संशय कशावर घ्यायचा? एखादंच रुसलं असतं तर जागा बदलून पाहिली असती. इथे सगळ्यांनी मिळून संप पुकारलाय.

टँक २५० लिटरचा, वय दीड वर्षाच्या आसपास. खालच्या संपमध्ये (गाळणीच्या टाकीत) स्किमर (फेसातून कचरा काढणारं यंत्र) आणि फॉस्फेट काढणारा जीएफओचा (लोहाच्या ऑक्साइडच्या दाण्यांचा) रिअ‍ॅक्टर. प्रकाश एलईडीचा. क्लाउनची जोडी, एक रॉयल ग्रामा, एक गोबी. मासे छान खातात, रंग उत्तम. क्लीनर श्रिम्प वेळच्या वेळी कात टाकतोय.

तक्रारी अशा: सगळ्यात आधी झेनिया वितळली. टोडस्टूल लेदर कित्येक आठवडे मिटलेलं आहे, टोपी एका बाजूला कललीय आणि देठाच्या बुडाशी काळपट डाग दिसतोय. सिन्युलारिया या फांद्यांच्या लेदरची एक फांदी लोळागोळा झालीय. निम्मे झोआ उघडत नाहीत. मशरूम आक्रसून फिकट पडलीत, त्यातलं एक तर दगड सोडून टँकभर भटकतंय. जीएसपीची (ग्रीन स्टार पॉलिपची) जांभळी चटई शाबूत आहे, पण हिरवे तुरे जेमतेम अर्ध्या भागात.

आकडे: तापमान २६, सॅलिनिटी (खारेपणा) ३५ पीपीटी, म्हणजे हजारात ३५ भाग (रिफ्रॅक्टोमीटर या खारेपणा मोजायच्या यंत्रावर), पीएच ८.१, अल्कलिनिटी ८ डीकेएच, कॅल्शियम ३७० आणि मॅग्नेशियम ११५० पीपीएम (दशलक्षात इतके भाग), अमोनिया, नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य. कॅल्शियम-मॅग्नेशियम जरा उतरलंय, त्याचे डोस मागवलेत.

आयोडीन टाकून झालं, कोरलचं खाद्य झालं, प्रकाश थोडा वाढवून पाहिला, लेदरची जागा बदलली. काडीचा फरक नाही.

खारवट:
आधी बाटल्या कपाटात ठेवा. आयोडीन, खाद्य, प्रकाश, जागा, चार गोष्टी एका दमात बदलल्यात. उद्या टँक सुधारला तरी कशाने सुधारला ते कळणार नाही, आणि बिघडला तर मुळीच नाही.

आता उत्तरं द्या. झेनिया जायच्या आधी टँकमध्ये नवीन काय आलं? टॉप-ऑफचं पाणी (उडून गेलेल्या पाण्याची भर) आरओडीआयचं (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेलं) की नुसतं आरओचं, आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) किती? कार्बन (पाणी शुद्ध करणारा सक्रिय कोळसा) चालू आहे का, शेवटचा कधी बदलला? जीएफओ कधी बदललं? सिन्युलारिया केवढी झालीय? वेव्हमेकरचं चुंबक, हीटरची क्लिप, झाकणाचा स्क्रू, कुठे गंज दिसतो का?

ढवळ्या:
म्हणजे वर कोरलचा संप आणि खाली पाण्याचा. मध्यस्थी कोण करणार?

समुद्रफेन:
अथांगताई, टोडस्टूलपुरतं सांगायचं तर मिटून बसणं हा त्याचा स्वभावच आहे. सार्कोफायटॉन अधूनमधून अंगावर मेणासारखा पातळ पापुद्रा आणतं, पॉलिप आत ओढून घेतं आणि काही दिवसांनी तो पापुद्रा टाकून देतं. शेवाळ, कचरा झटकायची त्याची ती पद्धत. कधीकधी दोन आठवडेही लागतात. त्या काळात त्याला हलवू नये, फक्त आजूबाजूचा प्रवाह थोडा वाढवावा, म्हणजे पापुद्रा वाहून जातो. नवे लोक याच वेळी घाबरतात आणि त्याला टँकभर फिरवतात. मग ते आणखी रुसतं.

पण तुमच्याकडे बुडाशी काळं पडलंय, ते या स्वभावात बसत नाही. बोटाने हलकेच दाबून बघा (हातमोजा घालून). घट्ट लागलं तर डाग वरवरचा. पिचपिचीत लागलं आणि वास आला तर सडतंय.

अथांग:
खारवट, उत्तरं क्रमाने. नवीन जीव काहीच नाही. पाणी आरओडीआयचं, टीडीएस शून्य. कार्बन पूर्वी होता, रिअ‍ॅक्टरमध्ये जीएफओसाठी जागा हवी म्हणून काढला, त्याला बरेच महिने झाले. जीएफओ दर महिन्याला नवीन. सिन्युलारिया आता टँकमधली सगळ्यात मोठी वस्तू आहे, टोडस्टूलच्या अगदी शेजारी. गंज दिसला नाही, चुंबकं काढून पाहिली.

समुद्रफेन, दाबून पाहिलं. बुडाशी मऊ आहे, वरचा देठ घट्ट.

मंथरगती:
मला तर पहिल्याच पोस्टमध्ये खुनी सापडला. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य आणि वर दर महिन्याला ताजं जीएफओ. तुम्ही कोरलना उपाशी मारताय.

सॉफ्ट कोरलच्या पेशींत राहणारी झूझँथेली शैवालं प्रकाशावर साखर बनवतात हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्या शैवालांना वाढायला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतोच. दोन्ही काढून घेतले की कोरल फिकट पडतं, आक्रसतं, आणि त्यात तुम्ही प्रकाश वाढवलात. उपाशी माणसाला पळायला लावल्यासारखं झालं ते. फिकट पडलेल्या कोरलवर प्रकाश कमी करायचा असतो. बहुतेक लेदर, मशरूम, झोआ यांना ५० ते १५० पारचा (पार म्हणजे शैवालांना वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) प्रकाश पुरतो, मशरूमना त्याहूनही कमी चालतो.

माझा सल्ला: जीएफओ बंद. माशांना थोडं जास्त खायला द्या, स्किमर जरा कमी ओढू दे. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास आलं की बघा. मात्र फॉस्फेट लगेच वर येणार नाही, कारण दगड आणि वाळू सुरुवातीला ते शोषून घेतात. धीर धरा. आणि शून्यावर राहिलेल्या टँकमध्ये तपकिरी, बुडबुडे धरणाऱ्या चिकट दोऱ्या दिसल्या तर ते डायनोफ्लॅजेलेट (त्रासदायक एकपेशीय जीव). त्यांच्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल, आणि तो याहून लांब होईल.

खडकवासी:
मंथरगती, थोडं थांबा. खऱ्या रीफवरच्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट जवळपास नसल्यातच जमा असतात. तिथली कोरल मरत नाहीत ती? आम्ही छंद सुरू केला तेव्हा नायट्रेट शून्य आणणं हे लोकांचं आयुष्याचं ध्येय असायचं. आता फॅशन फिरली, सगळे बाटलीतून नायट्रेट ओततात.

मंथरगती:
खऱ्या रीफवर पाण्यात विरघळलेलं खत कमी असतं, पण प्लवक, माशांची विष्ठा, तरंगणारे सेंद्रिय कण चोवीस तास वाहत येतात. तुमच्या टँकमध्ये चार मासे आणि एक स्किमर आहे, त्यातलं निम्मं स्किमरच खातो. समुद्राचा आकडा घ्यायचा तर समुद्राची आवकही घ्या.

खडकवासी:
हे पटलं. तरीही शून्य म्हणजे किटचं शून्य. बहुतेक साध्या फॉस्फेट किटना ०.०५ आणि शून्य यांतला फरक कळत नाही. अथांग, मीटर कोणता आहे? फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात इतके भाग) दाखवणारा असेल तर आलेल्या आकड्याला ३.०६६ ने गुणा आणि १००० ने भागा, मग फॉस्फेट पीपीएममध्ये मिळतं. १० पीपीबी म्हणजे साधारण ०.०३. बरेच जण हा गुणाकार विसरतात आणि मग इथे येऊन भांडतात.

ढवळ्या:
गुणाकार करूनही भांडता येतं, अनुभव आहे.

टाकीवाली:
माझं मत वेगळं, आणि ते त्या भल्या थोरल्या सिन्युलारियावर आहे. सॉफ्ट कोरलना हाडांचा सांगाडा नाही, दगडी कोरलसारखे लांब डंख मारणारे तंतूही बहुतेकांना नाहीत. मग शेजाऱ्याला दूर ठेवायला ती रसायनं सोडतात. सिन्युलारिया, सार्कोफायटॉन, लोबोफायटम यांच्या अंगात टर्पीन जातीची संयुगं भरपूर असतात. समुद्रात ती पाण्यात विरून जातात. २५० लिटरच्या बंद पाण्यात ती साचत राहतात. त्यात कार्बन महिनोनमहिने काढून ठेवलाय. सिन्युलारिया मोठी होत गेली आणि बाकीचे मागे पडत गेले, हा क्रम योगायोग वाटत नाही.

यावर कार्बन हा सगळ्यात स्वस्त आणि निर्धोक उपाय. चांगल्या प्रतीचा, आरओडीआयने धुऊन घेतलेला, पाणी सावकाश जाईल असा ठेवा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी बदला. पहिल्याच दिवशी भलामोठा ढीग टाकू नका. पाणी एकदम स्वच्छ होतं, प्रकाश अचानक जास्त खोलवर पोचतो आणि फिकट कोरल भाजतात. सिन्युलारिया छाटायची असेल तर छाटणीच्या दिवशी कार्बन असलाच पाहिजे. कापलेली लेदर पाण्यात काय काय सोडते ते स्किमरच्या कपात दिसतं.

खारवट:
+१. टाकीवालींनी जे सांगितलं ते दगडी कोरलवाल्यांना जास्त जाणवतं, पण झोआही मिटतात. माझ्याकडे लोबोफायटमच्या खालच्या बाजूचे झोआ कधीच उघडायचे नाहीत. वेव्हमेकरचं तोंड फिरवलं, उघडले.

निशाचर:
सगळे दिवसाच्या गप्पा मारताय. रात्री बघितलंत का? दिवे मालवल्यावर तासाभराने लाल टॉर्च घेऊन टँकसमोर बसा. झोआ खाणाऱ्या न्युडिब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी) झोआंसारख्याच दिसतात. त्यांच्या अंगावरचे झुबके हुबेहूब झोआच्या पाकळ्यांसारखे, रंगही खाल्लेल्या झोआचाच घेतात. दिवसा समोर असूनही दिसत नाहीत. देठांमध्ये पांढरी, गोल गुंडाळलेली अंडी दिसली की समजावं. त्याशिवाय सनडायल गोगलगायी: चपट्या, काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या, दिसायला सुंदर आणि झोआच्या शत्रू.

लेदरवर खड्डे पडलेले दिसले तर तिथेही गोगलगायीची शेंबडी चुलत भावंडं शोधा, ती लेदरच्याच रंगाची असतात. माशांवर संशय असेल तर बटू एंजल मासे लेदर आणि झोआ कुरतडतात, पण अथांगकडे ते नाहीत.

अ‍ॅस्टेरिना तारामाशांवर लगेच आरोप करू नका. त्यातले बहुतेक शेवाळच खातात. थोडेच प्रकार झोआवर जातात.

कातळशिल्प:
निशाचर, अ‍ॅस्टेरिनांची बाजू घेणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. वकीलपत्र किती वर्षांचं?

निशाचर:
आजन्म. सध्या पाचशेच्या वर अशील आहेत.

भरतीओहोटी:
एवढं शोधण्यापेक्षा झोआ असलेले दगड बाहेर काढून गरम पाण्यात घालून ब्रशने स्वच्छ करा आणि नव्याने सुरू करा. कीडही जाईल. मी साध्या दगडांचं असंच करतो.

टाकीवाली:
भरतीओहोटी, हे कृपया कुणीही करू नका. भांडण म्हणून म्हणत नाही. झोआंच्या जवळच्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ मध्ये हवाईच्या पॅलिथोआतून मूर आणि शॉयर यांनी ते वेगळं काढलं. आजवर सापडलेल्या सगळ्यात घातक नैसर्गिक विषांत त्याची गणना होते. उष्णतेने ते मोडत नाही. दगड उकळला की ते वाफेबरोबर हवेत येतं आणि खोलीतल्या सगळ्यांच्या श्वासात जातं. घरात झोआचे दगड उकळल्याने किंवा घासल्याने कुटुंबंच्या कुटुंबं इस्पितळात दाखल झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेल्या आहेत. ताप, स्नायूदुखी, धाप, डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा.

झोआ किंवा पॅलिथोआ कापायचे असतील तर हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. काम पाण्याखाली किंवा ओल्यातच करा. हाताला जखम असेल तर त्या दिवशी करूच नका. दगड टाकून द्यायचा असला तरी तो उन्हात वाळवून घासू नका. लहान मुलं आणि पाळीव प्राणी दूर.

भरतीओहोटी:
हे माहीत नव्हतं. सल्ला मागे घेतो. संपादकांना विनंती, माझा वरचा प्रतिसाद खोडला तरी चालेल.

खारवट:
खोडू नका, खालच्या उत्तरासकट राहू दे. पुढच्या माणसाला तीच कल्पना सुचणार.

मत्स्यगंधा:
आयोडीनबद्दल कुणी बोललं नाही. झेनिया गेली म्हणजे आयोडीन संपलं असं मी कायम वाचत आलेय.

खडकवासी:
वाचत आलात कारण लोक कायम लिहीत आलेत. समुद्राच्या पाण्यात आयोडीन लिटरला फक्त ०.०६ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. पाणी बदलताना आणि माशांच्या खाद्यातून थोडं येतच राहतं. न मोजता थेंब टाकले की ती पातळी ओलांडायला वेळ लागत नाही. झेनियाला आयोडीनच्या डोसची गरज असते असं ठोस कुणी दाखवलेलं माझ्या पाहण्यात नाही. झेनिया काही टँकमध्ये तणासारखी पसरते आणि काहींत एका आठवड्यात वितळते, आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या बाटलीला श्रेय देतात.

आयोडीनचा उपयोग आहे, पण टँकच्या बाहेर. लेदर कापल्यावर किंवा जखम झाल्यावर टँकच्याच पाण्यात ल्युगोलचे (आयोडीनच्या द्रावणाचे) मोजके थेंब टाकून दहाएक मिनिटं बुडवून काढणं, हा जुना आणि उपयोगी उपाय. ते पाणी परत टँकमध्ये ओतू नका.

अथांग:
सगळ्यांचे आभार. रात्री लाल टॉर्चने पाहिलं. न्युडिब्रँक नाहीत, अंडी नाहीत. दोन ब्रिसल वर्म आणि निशाचर यांचे बरेच अशील दिसले, पण झोआवर कुणी नव्हतं. एक आयप्टेझिया (डंख मारणारं, पसरत जाणारं समुद्रफूल) सापडली, झोआंपासून चांगली लांब.

आता कार्बन लावते आणि जीएफओ काढते. दोन्ही एकदम करू का?

मीठमोज्या:
उशिरा आलोय, सगळा धागा वाचला. काहीही करायच्या आधी अथांग, तुमची पहिली पोस्ट तुम्ही स्वतःच पुन्हा वाचा. कॅल्शियम ३७०, मॅग्नेशियम ११५०.

३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम साधारण ४१० आणि मॅग्नेशियम १२८०-१२९० असतं. सॉल्टचे बहुतेक ब्रँड त्याच्या आसपास किंवा वर बनवतात. तुमच्या टँकमध्ये एकही दगडी कोरल नाही. मग कॅल्शियम खाल्लं कुणी? कोरलाइन शेवाळाने थोडं खाल्लं म्हणू. पण मॅग्नेशियम इतकं खाणारं तर कुणीच नाही. आणि दोन्ही जवळजवळ सारख्याच प्रमाणात खाली आलेत: ३७० भागिले ४१० म्हणजे ०.९०, ११५० भागिले १२८५ म्हणजे ०.८९. दोन आकडे हातात हात घालून दहा टक्के उतरतात तेव्हा त्यांना कुणी खाल्लेलं नसतं. पाणीच पातळ झालेलं असतं. ३५ चे ०.८९ म्हणजे ३१ च्या आसपास.

अल्कलिनिटी ८ आहे हे खरं, पण बऱ्याच सॉल्टमध्ये ती मुद्दाम चढी ठेवलेली असते, त्यामुळे तिच्यावरून काही कळत नाही.

तुमचा रिफ्रॅक्टोमीटर कशाने कॅलिब्रेट करता? आरओडीआयने शून्यावर आणता ना?

खारवट:
च्यायला. आकडे मी वाचले होते आणि तसाच पुढे गेलो.

मंथरगती:
मीठमोज्या, दंडवत. पण एक शंका. सॅलिनिटी ३१ असेल तर मासे, श्रिम्प इतके मजेत कसे?

मीठमोज्या:
मासे अंगातलं मीठ-पाणी स्वतः सांभाळतात. इच या माशांच्या रोगावरच्या हायपोसॅलिनिटी (कमी खारेपणाच्या) उपचारात त्यांना आठवडेच्या आठवडे १.००९ घनतेच्या पाण्यात ठेवतात. कोरलना ती सोय नाही, बाहेरचं पाणी जसं तसं आतलं. श्रिम्पचंही बरंचसं तसंच, पण उतार इतका सावकाश असला तर तो निभावून नेतो. म्हणून 'मासे ठीक आहेत' हा सॉफ्ट कोरलच्या बाबतीत पुरावाच नाही. माशांवरून फार तर अमोनिया नाही एवढं कळतं.

रिफ्रॅक्टोमीटरचं दुखणं असं. शून्यावर बरोबर बसलेलं यंत्र ३५ वरही बरोबर असेल असं नाही. स्वस्त यंत्रांत वर चढताना पट्टी घसरते. शिवाय त्यातली बरीच यंत्रं समुद्राच्या पाण्यासाठी बनलेलीच नसतात, साध्या मिठाच्या द्रावणासाठी असतात. त्या पट्टीवर खरं ३५ चं समुद्रपाणी ३६.५ दिसतं, म्हणजे तुम्ही ३५ वाचता तेव्हा पाणी ३३.५ असतं. घसरलेली पट्टी त्यात मिळवा. उपाय एकच: ३५ पीपीटीचं तयार कॅलिब्रेशन द्रावण घ्या, त्याचे दोन थेंब टाका, यंत्र खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि स्क्रू फिरवून ३५ वर आणा. मग टँकचं पाणी मोजा.

मॅग्नेशियमचे डोस तोवर उघडूही नका.

अथांग:
द्रावण मिळालं. यंत्रावर ते ३९ च्या थोडं वर दिसलं. स्क्रू फिरवून ३५ ला आणलं आणि टँकचं पाणी मोजलं: ३१.

दर वेळी पाणी बदलताना मी याच यंत्राने ३५ 'करून' टाकत होते.

ढवळ्या:
शेरलॉक मीठमोज्यांना माझ्या टँकवर आमंत्रण. आकडे मी लपवून ठेवतो.

समुद्रफेन:
आता घाईघाईने मीठ ओतू नका. दिवसाला अर्धा, फार तर एक पीपीटी वाढवा. सोपा मार्ग म्हणजे बाष्पीभवनाने कमी होणारं पाणी गोड्याऐवजी खाऱ्या पाण्याने भरायचं. ऑटो टॉप-ऑफच्या टाकीत आरओडीआयऐवजी ३५ चं कालवलेलं पाणी ठेवा आणि रोज मोजा. ३५ ला पोचलं की परत आरओडीआय. सुकं मीठ टँकमध्ये किंवा संपमध्ये थेट कधीच नाही.

खडकवासी:
मी जरा खोड काढतो. लाल समुद्रात सॅलिनिटी ४० च्या आसपास असते आणि तिथे झेनिया, सार्कोफायटॉन मजेत वाढतात. पावसाळी नद्यांच्या मुखांजवळच्या रीफवर ती खालीही जाते. कोरल एवढी नाजूक नाहीत. स्थिर ३१ ने एवढा कहर होईल असं मला वाटत नाही. त्यावर शून्य खत, चढवलेला प्रकाश आणि सिन्युलारियाची रसायनं आली तेव्हा हे झालं. एकट्या मीठमापावर सगळं ढकलू नका.

मीठमोज्या:
हरकत नाही. लाल समुद्रातली कोरल पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच आहेत, यांच्या पायाखालचं पाणी सरकत गेलं, हा फरक मात्र मी नोंदवून ठेवतो. क्रम ठरवायचा तर सॅलिनिटी आधी, कारण ती चुकीची असली की बाकीचे सगळे आकडे खोटं बोलतात. ती जागेवर येईपर्यंत प्रकाश पूर्वीइतका, किंवा त्याहून वीस-तीस टक्के कमी. कार्बन लगेच लावला तरी चालेल, थोडा. जीएफओ काढण्याचं मात्र नंतर.

मंथरगती:
जीएफओ आत्ता काढलं तर काय बिघडेल? नुकसान शून्य.

मीठमोज्या:
नुकसान शून्य, पण मग श्रेय तुम्हाला द्यायचं की मला?

मंथरगती:
अर्धं अर्धं.

अथांग:
ताजी खबर. सॅलिनिटी हळूहळू ३५ वर आणली. थोडा कार्बन लावला, प्रकाश उतरवला. मंथरगतींची क्षमा मागून जीएफओ शेवटी काढलं. कॅल्शियम आपोआप ४१५, मॅग्नेशियम १२९०. डोसच्या बाटल्या सीलबंद आहेत.

जीएसपी सगळ्यात आधी उठलं, आता बऱ्यापैकी हिरवं दिसतंय. झोआंपैकी बरेच उघडतात. सिन्युलारिया ताठ आहे, तिची लोळलेली फांदी मी छाटून टाकली. झेनिया गेली ती गेलीच. मशरूमांचा रंग अजून फिका. फॉस्फेट अजून शून्याला चिकटलंय.

टोडस्टूलचं बूड मात्र सडतच चाललंय, काळपट भाग वर सरकतोय. टोपीवर थोडे पॉलिप दिसतात. आणि ते भटकं मशरूम आता फिल्टरच्या जाळीला चिकटू पाहतंय.

समुद्रफेन:
टोडस्टूल कापायची वेळ आलीय. वाट पाहिलीत तर सड टोपीत जाईल आणि मग काहीच हाती राहणार नाही. लेदरची जात चिवट असते, भ्यायचं कारण नाही.

टँकचंच पाणी एका भांड्यात घ्या. धारदार, स्वच्छ पात्याने काळ्या भागाच्या वर, निरोगी देठात एकाच घावात आडवं कापा. करवतीसारखं पुढेमागे करू नका. कापलेल्या पृष्ठभागावर काळं किंवा तपकिरी काहीही दिसलं तर अजून थोडं वर कापा, आतून फिकट आणि एकसारखं दिसेपर्यंत. मग खडकवासींनी सांगितलेलं आयोडीनचं बुडवणं. टोपी गोंदाने दगडावर टिकत नाही, चिकट पाझरामुळे सुटून येते. रबर बँडने किंवा सुती दोऱ्याने एखाद्या खडबडीत दगडावर सैलसर बांधा. आवळलंत तर दोराच तिला कापतो. मध्यम, सतत हलणारा प्रवाह असलेल्या जागी ठेवा, म्हणजे जखमेवर कचरा बसणार नाही. दोन-तीन आठवड्यांत ती दगड धरते. बांधलेलं सोडायची घाई नको.

खालचं बूड जिथे चिकटलंय तिथला निरोगी तुकडा शिल्लक असेल तर त्यालाही फेकू नका. त्यातूनही नवी टोपी येते. सडका भाग मात्र पूर्ण बाहेर काढा.

टाकीवाली:
आणि त्या दिवशी नवा कार्बन, विसरू नका. स्किमरचा कपही रिकामा ठेवा, भसाभसा भरेल.

कातळशिल्प:
भटक्या मशरूमसाठी: छोट्या प्लास्टिकच्या वाटीत कोरलचे बारीक खडे टाका, त्यावर मशरूम ठेवा, वर जाळीचा तुकडा रबर बँडने ताणा. वाटी कमी प्रवाहाच्या आणि कमी उजेडाच्या कोपऱ्यात. आठ-पंधरा दिवसांत एखादा खडा धरेल. मग तो खडा गोंदाने हवा तिथे चिकटवा. मशरूमला थेट गोंद लावू नका, त्याच्या अंगावर तो टिकतच नाही. आणि तोवर फिल्टरच्या जाळीपाशी स्पंज लावा, नाहीतर एका मशरूमची दहा होतील.

ढवळ्या:
दहा होणार असतील तर अडचण काय आहे?

कातळशिल्प:
नऊ फिल्टरमध्ये असतील ही.

मत्स्यगंधा:
मी आज कॅलिब्रेशनचं द्रावण आणून माझा रिफ्रॅक्टोमीटर तपासला. ३३ दाखवतोय, म्हणजे माझं पाणी उलट जास्त खारं आहे, ३७ च्या घरात. माझीही लेदर मिटलीय. खाली आणायचं असेल तर पाणी काढून गोडं भरायचं ना, की वेगळा धागा काढू?

समुद्रफेन:
इथेच विचारा. थोडं टँकचं पाणी काढायचं आणि तेवढंच आरओडीआय भरायचं, तसंच सावकाश, दिवसाला अर्ध्या पीपीटीच्या वर नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती आहे ते लिहा. मीठमोज्या येतीलच.